वैयक्तिक छायाचित्रांची क्लाउड साठवण व समक्रमण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला एक गोष्ट चांगली परिचित असते. ज्या कागदपत्रांवर हा इतिहास उभा आहे, त्यांतील बहुसंख्य कागद इतिहासासाठी म्हणून कोणी जपलेले नव्हते. ते रुमालांत बांधलेल्या अवस्थेत वाड्यांच्या माळ्यांवर किंवा सरकारी दप्तरखान्यात पडून राहिले. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढील आयुष्य घरोघरीची दप्तरे धुंडाळण्यात घालविले. पुणे येथील पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निघाले. वाळवी, पाऊस आणि अज्ञान यांमुळे पुष्कळ कागद नष्ट झाले. तथापि जे उरले ते पिढ्यान् पिढ्या कोणी न उघडताही उरले. दुर्लक्ष सोसण्याची क्षमता हा कागदाचा फार मोठा गुण होय, असे म्हणावे लागते.

आजच्या कुटुंबाचे आणि संस्थेचे दप्तर बहुतांशी छायाचित्रांच्या स्वरूपात तयार होत आहे. विवाह, बारसे, सहल, स्नेहसंमेलन, पीकपाहणी, पूरस्थिती या सर्वांची नोंद भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने घेतली जाते आणि ती नोंद क्षणार्धात दूरस्थ संगणकांवर, म्हणजे ज्याला आपण क्लाउड म्हणतो तेथे, पोहोचते. तेथून ती त्याच व्यक्तीच्या टॅब्लेटवर, घरच्या संगणकावर आणि नव्या भ्रमणध्वनीवर आपोआप उतरते. या प्रक्रियेस समक्रमण, बोलीत ‘सिंक’, असे म्हणतात. तिची सोय वादातीत आहे. प्रश्न एवढाच आहे की, हे नवे दप्तर दुर्लक्ष सोसू शकेल काय?

अभ्यासाची उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) वैयक्तिक छायाचित्रांचा ताबा कुटुंबाकडून संगणकाकडे आणि संगणकाकडून सेवादात्या कंपनीकडे कसा गेला, याचा कालानुक्रमे आढावा घेणे, (२) समक्रमण आणि जतन या दोन भिन्न कल्पनांची सरमिसळ कशी झाली, हे स्पष्ट करणे, आणि (३) इतिहासाचे साधन या दृष्टीने क्लाउडवरील छायाचित्रांचे मूल्यमापन करून महाविद्यालयीन पातळीवरील काही उपाय सुचविणे. लेखाची कालमर्यादा स्थूलमानाने १८८८ ते २०२३ अशी आहे. तंत्रज्ञानाचा तपशील आवश्यक तेवढाच घेतला असून भर ताब्याच्या प्रश्नावर दिला आहे.

१. पूर्वपीठिका : छापील छायाचित्र आणि त्याचा ताबा

१८३९ मध्ये पॅरिस येथे दागेर यांची छायाचित्रण पद्धती जाहीर झाली आणि अवघ्या १५ वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतील आरंभीचे भारतीय छायाचित्रकार होत. १८९६ मध्ये राजा दीनदयाळ यांनी मुंबईत आपला स्टुडिओ उघडला. या काळात छायाचित्र काढून घेणे हा समारंभ होता. छापलेली प्रत घरी येई. काचेची मूळ निगेटिव्ह मात्र स्टुडिओकडे राही. म्हणजे ताब्याची विभागणी ही काही अलीकडची गोष्ट नाही. स्टुडिओ बंद पडला म्हणजे काचाही जात. परंतु भिंतीवरील तसबीर त्यामुळे उतरत नसे.

१८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. त्याची किंमत २५ डॉलर होती व त्यात १०० छायाचित्रांची फिल्म आधीच भरलेली असे. ती संपली की ग्राहकाने अख्खा कॅमेरा रॉचेस्टर येथील कारखान्याकडे पाठवायचा. १० डॉलर भरल्यावर छापलेली चित्रे आणि नवी फिल्म भरलेला कॅमेरा परत येई. छायाचित्रणातील अवघड भाग ग्राहकाच्या हातून काढून कंपनीकडे सोपविण्याची ही पहिली मोठी योजना होती. १९०० मध्ये आलेल्या एक डॉलर किमतीच्या ब्राउनी कॅमेऱ्याने हाच मार्ग मुलांपर्यंत नेला. येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. कोडॅक कंपनी चित्रे धुऊन देत असे. चित्रे आणि निगेटिव्ह दोन्ही शेवटी ग्राहकाच्या घरीच येत. सेवा कंपनीची आणि ताबा कुटुंबाचा, असा तो करार होता.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत कॅमेरा आला तो बराच नंतर. भारतात तयार होणाऱ्या अ‍ॅग्फा क्लिक थ्री या साध्या कॅमेऱ्यात १२० क्रमांकाच्या एका रिळावर १२ चौकोनी चित्रे मिळत. पुढे ३५ मिलिमीटरच्या रिळावर ३६ चित्रे मिळू लागली. रीळ संपेपर्यंत गणपती ते दिवाळी असा काळ सहज जाई. चित्रे मोजकी असल्याने त्यांच्यामागे शाईने नाव, गाव, तारीख लिहिण्याची पद्धत होती. या मागील बाजूच्या लिखाणाचे महत्त्व पुढे येणारच आहे.

या व्यवस्थेतही धोके होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्यातील नदीकाठच्या पेठांत पाणी शिरून असंख्य घरे बुडाली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत महापूर आला. अशा पुरात घरातील सामानाबरोबर आल्बमही जातो व त्याची दुसरी प्रत क्वचितच कोठे असते. एकच प्रत असणे ही छापील छायाचित्राची मूलभूत उणीव होती. क्लाउड साठवणीने ही उणीव खरोखरच दूर केली, हे प्रारंभीच मान्य करावयास हवे.

२. संगणक केंद्रस्थानी : १९७५ ते २०१०

डिजिटल कॅमेऱ्याचा आरंभही कोडॅक कंपनीतच झाला. १९७५ मध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने तयार केलेले उपकरण सुमारे ३.६ किलोग्रॅम वजनाचे होते. त्याच्या चित्रात १०,००० बिंदू असत आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. हे तंत्र घरगुती वापरात येण्यास दोन दशके लागली. त्यासाठी आवश्यक असलेल्या गोष्टी १९९० च्या दशकात एकेक करून जमल्या. चित्र लहान आकारात साठविणारे जेपेग हे मानक १९९२ मध्ये निश्चित झाले. चित्राच्या फाइलमध्येच तारीख, वेळ व कॅमेऱ्याचा तपशील नोंदविणारे एक्झिफ हे मानक जपानमध्ये १९९५ मध्ये तयार झाले. १९९४ मध्ये कॉम्पॅक्ट फ्लॅश आणि १९९९ मध्ये एसडी ही स्मृतिपत्रे आली. २००० मध्ये जपानमध्ये शार्प कंपनीचा कॅमेरायुक्त भ्रमणध्वनी विक्रीस आला.

एक्झिफ मानकाचे महत्त्व इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष ओळखावे. पूर्वी छायाचित्रामागे शाईने लिहिली जाणारी तारीख आता चित्राच्या पोटात, मानवी हस्तक्षेपाविना नोंदली जाऊ लागली. पुढे त्यात अक्षांश-रेखांशही आले. मात्र चित्रातील माणसे कोण आहेत, हे एक्झिफ सांगत नाही. ते काम पूर्वीप्रमाणेच माणसाचे राहिले आणि चित्रांची संख्या वाढल्याने ते बहुधा कोणीच करेनासे झाले.

जानेवारी २००१ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी घरचा संगणक हा सर्व डिजिटल उपकरणांचे केंद्र होईल, अशी मांडणी केली. कॅमेरा, संगीतयंत्र, व्हिडिओ कॅमेरा ही सर्व उपकरणे संगणकाला जोडायची आणि मूळ संग्रह संगणकात ठेवायचा, असा त्याचा आशय होता. २००२ मध्ये अ‍ॅपलचे आयफोटो हे सॉफ्टवेअर आले आणि त्याच वर्षी आलेले पिकासा हे सॉफ्टवेअर २००४ मध्ये गुगलने विकत घेतले. या काळात आपल्याकडेही डिजिटल कॅमेऱ्यातील चित्रे संगणकात ‘उतरवून’ त्यांच्या सीडी तयार करण्याची पद्धत रूढ झाली. ७०० मेगाबाइटच्या त्या सीडींपैकी अनेक आज उघडत नाहीत, कारण त्यांतील रंगद्रव्याचा थर काळानुसार खराब होतो. शिवाय सीडी वाचणारे उपकरणच नव्या संगणकांत उरलेले नाही. तरीही या टप्प्यात ताबा घरीच होता, हे महत्त्वाचे.

३. समक्रमणाची कल्पना

समक्रमणाचा उगम छायाचित्रणात नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात एम. सत्यनारायणन यांच्या नेतृत्वाखाली १९८७ मध्ये कोडा या फाइल व्यवस्थेवरील काम सुरू झाले. जाळ्यापासून तुटलेल्या संगणकावरही काम चालू ठेवता यावे आणि जोडणी पुन्हा होताच दोन्हीकडील बदल जुळविले जावेत, हा तिचा हेतू होता. १९९६ मध्ये पाम पायलट या हातात मावणाऱ्या उपकरणासोबत एक पाळणा मिळे. त्यावरील कळ दाबली की उपकरणातील व संगणकातील पत्ते आणि नोंदी एकसारख्या होत. त्याच वर्षी अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी केवळ बदललेला भाग पाठवून दोन ठिकाणच्या फाइली सारख्या करणारी आरसिंक ही आज्ञावली प्रसिद्ध केली. २००८ मध्ये ड्रॉपबॉक्स ही सेवा सर्वांसाठी खुली झाली व समक्रमण सामान्य वापरकर्त्यापर्यंत पोहोचले.

या सर्व उदाहरणांतून समक्रमणाची व्याख्या स्पष्ट होते. अनेक ठिकाणच्या प्रती एकसारख्या ठेवणे हे समक्रमणाचे कार्य आहे. प्रत्येक उपकरण आपल्याकडील बदलांची नोंद ठेवते, ती मध्यवर्ती संगणकाला कळविते आणि मध्यवर्ती संगणक ती इतरांना कळवितो. नवे चित्र घेणे हा जसा एक बदल, तसेच जुने चित्र पुसणे हाही एक बदलच. समक्रमण या दोहोंत भेद करीत नाही. समजा, घरातील आजोबांचा भ्रमणध्वनी भरला आणि जागा करण्यासाठी त्यांनी दोनशे चित्रे पुसली. तर त्याच खात्याशी जोडलेल्या टॅब्लेटवरून व संगणकावरूनही ती चित्रे जातात. अ‍ॅपलच्या व्यवस्थेत पुसलेली चित्रे सर्वसाधारणपणे ३० दिवस आणि गुगल फोटोजमध्ये, क्लाउडवर पोहोचलेली असल्यास, ६० दिवस परत मिळविता येतात. त्यानंतर ती परत मिळत नाहीत.

याउलट जतनाचे, म्हणजेच बॅकअपचे कार्य नेमके वेगळे आहे. एका ठिकाणी चूक झाली तरी दुसऱ्या ठिकाणी ती पोहोचू नये, हा त्याचा हेतू असतो. नकलनवीसाने लिहिलेली नक्कल मूळ कागद फाडल्याने फाटत नाही, हे तिचे मूल्य होय. समक्रमणातील प्रती या अर्थाने नकला नसतात. एकाच कागदाची ती अनेक खिडक्यांतून दिसणारी दृश्ये असतात. तीन उपकरणांवर चित्र दिसते म्हणून त्याच्या तीन प्रती आहेत, असा समज होतो आणि तेथेच सरमिसळीची सुरुवात होते.

४. क्लाउड केंद्रस्थानी : २०११ नंतर

जून २०११ मध्ये जॉब्स यांनीच आपली दहा वर्षांपूर्वीची मांडणी बदलली. यापुढे संगणक हेही इतरांसारखेच एक उपकरण असेल आणि केंद्र क्लाउडमध्ये असेल, असे त्यांनी जाहीर केले. ऑक्टोबर २०११ मध्ये आयक्लाउड सेवा सुरू झाली व तीत ५ गिगाबाइट जागा मोफत देण्यात आली. तिच्यातील फोटो स्ट्रीम या सोयीने अलीकडची १,००० चित्रे सर्व उपकरणांवर जात. मध्यवर्ती संगणकावर ती ३० दिवसच राहत. म्हणजे प्रारंभी क्लाउड ही साठवणीची जागा नव्हती. ती केवळ वाट होती. मूळ चित्रे संगणकातच राहतील, हे त्यात गृहीत होते. ही सोय पुढे २६ जुलै २०२३ रोजी बंद झाली.

२०१४-१५ मध्ये आयक्लाउड फोटो लायब्ररी आली आणि चित्र पालटले. आता पूर्ण आकाराचे मूळ चित्र क्लाउडवर आणि उपकरणावर जागा वाचविण्यासाठी केवळ लहान प्रत, अशी उलट व्यवस्था शक्य झाली. २८ मे २०१५ रोजी गुगल फोटोज ही सेवा सुरू झाली. १६ मेगापिक्सेलपर्यंतची चित्रे, काहीशी आकुंचित करून, अमर्याद संख्येने विनामूल्य ठेवण्याची सोय तिने दिली. सप्टेंबर २०१६ मध्ये भारतात जिओची सेवा व्यापारी तत्त्वावर सुरू झाली आणि आंतरजालाचा दर एकाएकी खाली आला. ग्रामीण भागातील भ्रमणध्वनीवरूनही रोजची चित्रे आपोआप चढविणे त्यानंतर परवडू लागले. नोव्हेंबर २०२० मध्ये गुगलने दिलेल्या माहितीनुसार या सेवेत ४ लाख कोटींहून अधिक छायाचित्रे साठलेली होती व दर आठवड्यास २,८०० कोटी नवी छायाचित्रे व चित्रफिती तीत येत होत्या.

कोडॅकच्या १८८८ मधील कराराशी याची तुलना उद्बोधक ठरते. अवघड काम कंपनीने करावे, ही कल्पना तीच आहे. मात्र रॉचेस्टरहून चित्रे परत घरी येत; क्लाउडवरून घरी येते ती बहुधा केवळ लहान प्रत. सेवेबरोबर ताबाही कंपनीकडे गेला, हा या सव्वाशे वर्षांतील खरा बदल होय.

५. अटी बदलल्याची उदाहरणे

ताबा देताना दिलेली आश्वासने किती काळ टिकली, हे पुढील उदाहरणांवरून तपासता येते.

पहिले उदाहरण कोडॅक गॅलरीचे. १९९९ मध्ये सुरू झालेली ओफोटो ही छायाचित्र सेवा कोडॅकने २००१ मध्ये विकत घेतली. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि २ जुलै २०१२ रोजी ही गॅलरी बंद झाली. अमेरिका व कॅनडातील ग्राहकांची चित्रे शटरफ्लाय या प्रतिस्पर्धी कंपनीकडे हस्तांतरित झाली. छायाचित्रणातील सर्वांत प्रसिद्ध नावही पुरेशी हमी ठरले नाही.

दुसरे उदाहरण भारतीय वापरकर्त्यांना अधिक जवळचे आहे. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेले ऑर्कुट भारतात विशेष लोकप्रिय होते. महाराष्ट्रातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका पिढीने आपली पहिली डिजिटल छायाचित्रे तेथे ठेवली. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. चित्रे उतरवून घेण्याची मुदत सप्टेंबर २०१६ पर्यंत होती. ज्यांना ही सूचना मिळाली नाही किंवा ज्यांचा परवलीचा शब्द हरवला होता, त्यांची चित्रे गेली.

तिसरे उदाहरण फ्लिकरचे. २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेने मे २०१३ मध्ये प्रत्येकाला एक टेराबाइट जागा मोफत देऊ केली. २०१८ मध्ये तिची मालकी स्मगमग कंपनीकडे गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोफत खात्याची मर्यादा १,००० चित्रांवर आणण्याचे जाहीर झाले. मर्यादेपलीकडील चित्रे २०१९ मध्ये काढून टाकली जातील, असेही कळविण्यात आले. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांसाठी खुली केलेली चित्रे मात्र यातून वगळण्यात आली, ही नोंद घेण्यासारखी आहे.

चौथे उदाहरण गुगल फोटोजचे. ११ नोव्हेंबर २०२० रोजी जाहीर झाल्यानुसार १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद झाली व नवी चित्रे खात्याच्या १५ गिगाबाइट मर्यादेत मोजली जाऊ लागली. आधीच्या चित्रांना सूट मिळाली. पुढे मे २०२३ मध्ये, दोन वर्षे वापरात नसलेली वैयक्तिक खाती त्यांतील सामग्रीसह काढून टाकता येतील असे धोरण जाहीर झाले व डिसेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली.

या चारही प्रसंगांत बेकायदेशीर असे काही घडले नाही. पूर्वसूचना दिल्या गेल्या आणि चित्रे परत घेण्याची सोयही होती. विजेची आणि यंत्रांची किंमत कोणाला तरी द्यावीच लागते, हेही खरे. म्हणून येथे दोषारोपाचा प्रश्न नाही. चारही उदाहरणांचा समान अर्थ असा की, क्लाउडवरील छायाचित्र जिवंत राहण्यासाठी मालकाने सतत जागे राहावे लागते. भाडे भरणे, पत्रे वाचणे, परवलीचा शब्द लक्षात ठेवणे आणि मधून मधून खात्यात डोकावणे, यांपैकी एकही गोष्ट चुकून चालत नाही. पेशवे दप्तरातील रुमालांना यांपैकी कशाचीच गरज नव्हती.

६. महाविद्यालयांचे दप्तर

हा प्रश्न केवळ कौटुंबिक नाही. नॅकने २०१७ मध्ये सुधारित मूल्यांकन आराखडा लागू केल्यानंतर अनेक निकषांसाठी जिओटॅग केलेली छायाचित्रे पुरावा म्हणून मागितली जाऊ लागली. परिणामी, महाविद्यालयांच्या इतिहासात प्रथमच प्रत्येक व्याख्यान, शिबिर व वृक्षारोपण यांची दृश्य नोंद पद्धतशीरपणे होऊ लागली. भावी इतिहासकाराच्या दृष्टीने ही मोठी संपत्ती होय. परंतु ही चित्रे असतात कोठे? बहुधा विभागप्रमुखांच्या किंवा समिती समन्वयकांच्या वैयक्तिक भ्रमणध्वनीत आणि त्यांच्या वैयक्तिक क्लाउड खात्यात. प्राध्यापक सेवानिवृत्त झाले, भ्रमणध्वनी बदलला किंवा खाते भरले, की विभागाचे दप्तर त्यांच्याबरोबर जाते.

दुसरी अडचण देवाणघेवाणीची आहे. चित्रे एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवरून छायाचित्र म्हणून पाठविली जातात. असे पाठविताना चित्र आकुंचित होते आणि त्यातील एक्झिफ नोंद, म्हणजे तारीख व स्थळ, गळून पडते. चित्रावर छापलेला पत्ता व वेळ दिसत राहते. पण ती केवळ चित्रातील अक्षरे असतात, फाइलमधील मूळ नोंद नव्हे. पुराव्यासाठी जमविलेल्या साधनातून पुराव्याचा भागच अशा रीतीने नाहीसा होतो. २०१७ पासून आयफोनमध्ये हेइक ही नवी चित्रपद्धती आली. ती जुन्या कार्यालयीन संगणकांवर उघडत नाही, ही आणखी एक व्यावहारिक अडचण.

संस्थात्मक खातीही या बदलांपासून मुक्त नव्हती. २०२० च्या टाळेबंदीत अनेक महाविद्यालयांनी गुगलची शैक्षणिक सेवा स्वीकारली, त्या वेळी तीत अमर्याद साठवण होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये हे धोरण बदलल्याचे जाहीर झाले आणि जुलै २०२२ पासून संस्थेस एकत्रित १०० टेराबाइट अशी मर्यादा आली. लहान महाविद्यालयास ती पुरेशी वाटेल. तथापि अमर्याद हा शब्द कोणत्याही क्षणी मागे घेतला जाऊ शकतो, हा धडा त्यातून मिळतो.

७. वारशाचा प्रश्न

मृत्यूनंतर दप्तर कोणाकडे जावे, याला जुन्या व्यवस्थेत सरळ उत्तर होते : ज्याच्याकडे घर, त्याच्याकडे माळा. क्लाउड खाते घरात नसते. गुगलने एप्रिल २०१३ मध्ये खाते निष्क्रिय झाल्यास कोणास कळवावे हे आधीच ठरविण्याची सोय दिली. अ‍ॅपलने डिसेंबर २०२१ मध्ये वारसदार संपर्क नेमण्याची सोय दिली. भारतात २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात, मृत्यू किंवा असमर्थतेच्या प्रसंगी आपले हक्क बजावण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीस नामनिर्देशित करण्याचा अधिकार मान्य केलेला आहे. तरतुदी आहेत, परंतु त्या व्यक्तीने स्वतः हयातीत केलेल्या कृतीवर अवलंबून आहेत. बँक खात्याचे वारसपत्र भरणाऱ्या घरातही छायाचित्रांच्या खात्याचा विचार सहसा होत नाही.

८. उपाययोजना

क्लाउड सेवा टाकून द्यावी, असा या विवेचनाचा अर्थ नाही. पुरात आल्बम वाहून गेलेल्या घराला तिची किंमत सांगावी लागत नाही. तिला तिचे योग्य स्थान द्यावे, एवढेच म्हणणे आहे. त्यासाठी पुढील गोष्टी करता येतील.

(१) छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम पाळावा : एकूण तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. क्लाउड ही त्यांतील एक प्रत मानावी.

(२) किमान एक प्रत समक्रमणाच्या बाहेर असावी. वर्षातून एकदा, उदाहरणार्थ शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस, पूर्ण आकाराची मूळ चित्रे उतरवून बाह्य हार्ड डिस्कवर ठेवावीत व ती डिस्क एरवी संगणकास जोडू नये. उपकरणावर केवळ लहान प्रत असू शकते, हे लक्षात ठेवून मूळ चित्रच उतरले आहे याची खात्री करावी.

(३) चित्रे पाठविताना छायाचित्र म्हणून न पाठविता दस्तऐवज म्हणून पाठवावीत, म्हणजे त्यांतील मूळ नोंद टिकते.

(४) प्रत्येक कार्यक्रमाच्या निवडक पाच-दहा चित्रांसोबत साध्या मजकुराची एक फाइल ठेवून तीत व्यक्तींची नावे, स्थळ, दिनांक व प्रसंग लिहावा. छायाचित्रामागे शाईने लिहिण्याच्या जुन्या पद्धतीचेच हे नवे रूप होय. नावाविना चित्र पन्नास वर्षांनी मुके होते.

(५) महाविद्यालयाची चित्रे वैयक्तिक खात्यात न ठेवता संस्थेच्या खात्यात ठेवावीत व ग्रंथालयाने त्यांची दाखलनोंद करावी. ग्रंथांसाठी दाखलनोंदवही असते, तशीच चित्रांसाठी असण्यास कोणतीही अडचण नाही. सेवानिवृत्तीच्या वेळी कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत या चित्रांचाही समावेश असावा.

(६) दरवर्षी काही मोजकी चित्रे चांगल्या कागदावर छापून ठेवावीत.

निष्कर्ष

वैयक्तिक छायाचित्रांच्या साठवणीचा इतिहास पाहता प्रत्येक टप्प्यावर सोय वाढली आणि ताबा दूर गेला, असे दिसते. स्टुडिओच्या काळात निगेटिव्ह दूर होती, पण प्रत घरात होती. कोडॅकच्या काळात काम दूर होत होते, पण दोन्ही वस्तू घरी येत होत्या. संगणकाच्या काळात संपूर्ण संग्रह घरात होता, मात्र एकाच जागी. क्लाउडच्या काळात संग्रह अपघातापासून सुरक्षित झाला. परंतु विस्मरणापासून असुरक्षित झाला. अपघात कधीतरी होतो. विस्मरण प्रत्येक पिढीत निश्चितपणे होते. म्हणून इतिहासाच्या साधनांना खरा धोका दुसऱ्याचाच अधिक आहे.

समक्रमण म्हणजे जतन नव्हे, हा या लेखाचा मुख्य निष्कर्ष होय. राजवाडे यांना जी दप्तरे मिळाली, ती त्यांच्या मालकांनी विसरूनही राहिली होती. २०१५ नंतरच्या महाराष्ट्राचे दप्तर शोधीत हिंडणाऱ्या भावी संशोधकाला माळे मिळतील, रुमाल मिळणार नाहीत. त्याच्यासाठी काही उरावे असे वाटत असेल, तर ते आज कोणीतरी जाणीवपूर्वक उतरवून, नावे लिहून, वेगळे ठेवावयास हवे. हे काम तंत्रज्ञाचे नाही. ते मुळात दप्तरदाराचे काम आहे आणि महाविद्यालयांत ते इतिहास विभाग व ग्रंथालय यांनी मिळून अंगावर घेणे उचित ठरेल.